मोथ्याची ओळख आणि पाण्याची जागा



या व्याख्यानमालेला मी बरीच वर्षे समोरच्या खुर्चीत बसून हजेरी लावत आलो आहे. संतसाहित्य, नाट्यसंगीत, सीमाभागातली मराठी अशा विषयांवरची उत्तम भाषणे इथेच ऐकली. यंदा संयोजकांनी एका होमिओपॅथिक डॉक्टरला व्यासपीठावर बसवले आणि त्या डॉक्टरने विषय निवडला लव्हाळ्याचा. पत्रिका हातात पडल्यावर एका स्नेह्यांनी फोन करून विचारले, "डॉक्टर, साहित्य संस्थेत गवतावर बोलणार?" त्यांना दिलेलेच उत्तर इथे देऊन सुरुवात करतो. पहिली गोष्ट, लव्हाळा हे गवत नाही. दुसरी गोष्ट, साहित्यात त्याचा मान तुमच्या-माझ्यापेक्षा फार जुना आहे.

'शाकुंतला'चा दुसरा अंक आठवा. दुष्यंताने शिकार थांबवायचे ठरवले आहे. रानातली जनावरे आता निर्धास्त असू देत, असे तो म्हणतो आणि त्यात रानडुकरांचा उल्लेख येतो. त्यांनी डबक्यात खुशाल मुस्ता उकरावी, असे त्याचे म्हणणे. मुस्ता म्हणजे आपला मोथा. डबक्यासाठी कालिदासाने शब्द वापरला आहे पल्वल, म्हणजे लहानसे उथळ तळे. हे नाटक १८८० साली मराठी रंगभूमीवर गात आणले ते गुर्लहोसूरच्या, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या, अण्णासाहेब किर्लोस्करांनी. पुढे तुकोबांकडे या. नम्रतेचे बळ सांगायला त्यांना लव्हाळाच आठवला आणि तोही पुराच्या पाण्यातला. दोघांनी वनस्पतीचे नाव घेतले आणि त्याच दमात तिची जागा सांगितली.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच. या कुळातल्या वनस्पतीची ओळख तिच्या जागेपासून तोडता येत नाही. आणि ही ओळख आपल्याला असेल, तर आपल्या पायाखालच्या जमिनीत पाणी कुठे आणि किती दिवस राहते, हे आपल्याला कळते. ते न कळल्याची किंमत मोजणारी माणसे माझ्या दवाखान्यात येतात. त्यांच्याबद्दल पुढे बोलेन. आधी ओळख.

मोथ्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव सायपरेसी. जगभरात या कुळाच्या साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. लांबून त्या सगळ्या गवतासारख्या दिसतात आणि म्हणून आपण सगळ्यांना गवत म्हणून मोकळे होतो. फरक ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. दांडी दोन बोटांत धरून फिरवायची. गवताची दांडी गोल असते, बहुधा पोकळ असते आणि तिला उसासारखी पेरे असतात. मोथ्याच्या कुळातली दांडी बहुधा तीन कडांची, आतून भरीव आणि पेरांशिवाय सरळ वर गेलेली. फिरवताना तिच्या कडा बोटांना लागतात. पाने वरून पाहिली तर गवताची दोन बाजूंना निघतात, मोथ्याची तीन बाजूंना. पानाचा तळ दांडीला गुंडाळलेला असतो. तो गवतात एका बाजूला उघडा असतो, मोथ्यात बंद नळीसारखा. एवढे तीन मुद्दे शाळेतले मूल पाच मिनिटांत शिकते. अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतोच.

आता माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो, कारण ओळख कशी करायची हे मी तिथेच शिकलो. होमिओपॅथी शिकणाऱ्या प्रत्येकाला ब्योनिंगहाउसेन हे नाव माहीत असते. हानेमानचा हा शिष्य १७८५ साली जन्मला. शिक्षणाने तो कायदेपंडित होता आणि आवडीने वनस्पतिशास्त्रज्ञ. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराच्या वनस्पती उद्यानाचा तो संचालक होता आणि त्या परिसरातल्या वनस्पतींवर त्याने १८२४ साली पुस्तक लिहिले. हिमालयात फुलणाऱ्या एका वनस्पतीच्या प्रजातीला त्याचे नाव आहे. रुग्णाचे लक्षण पूर्ण कधी मानायचे, याची त्याने घालून दिलेली शिस्त आम्ही आजही पाळतो. दुखणे कुठे आहे, कसे आहे, कशाने वाढते-कमी होते आणि त्याच्यासोबत आणखी काय आहे. नुसते "डोके दुखते" हे त्याच्या लेखी अर्धवट लक्षण.

पाणथळ जागेतल्या मोथ्यालाही हेच चार प्रश्न विचारायचे. कुठे उभा आहे? दिसतो कसा? पाणी वाढले-ओसरले की त्याचे काय होते? आणि शेजारी कोण आहे? या चारांची उत्तरे वहीत लिहिली तर ओळख बहुतेक झालेली असते. उरलेले काम दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग करते.

ओळखीसाठी झाड उपटण्याची सवय पुष्कळांना असते. मी जैन घरात वाढलो. कंद म्हणजे अनंतकाय, एका देहात अनंत जीव, हे लहानपणापासून कानावर पडलेले. त्यामुळे जमिनीखालची गाठ खणून पाहण्यापेक्षा जमिनीवरची खूण वाचण्याकडे माझा कल राहिला. शेतकऱ्याने खुरपून बांधावर टाकलेल्या गाठी पाहायला मिळतात, तेवढ्या पुरतात. या कुळाचा फुलोरा येतो तोही पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला, म्हणजे बराचसा चातुर्मासात. हिरवळ तुडवू नये म्हणून साधू-साध्वी ज्या महिन्यांत विहार थांबवतात, त्याच महिन्यांत मला काठावरून पाहण्याची कामगिरी असते.

चला तर, सप्टेंबरअखेरच्या एखाद्या सकाळी आपण भाताच्या शिवारातून तळ्याकडे चालत जाऊ. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ या बाजूची भातशेती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तसे कोणतेही शिवार घ्या. बांध, वाफा, तळ्याचा काठ आणि उभे पाणी असे चार टप्पे.

बांधावर भेटतो तो खरा लव्हाळा, सायपरस रोटुंडस. लिनियसने १७५३ साली त्याला हे नाव दिले. गडद हिरवी पाने तळाशी, मध्ये तीन कडांची दांडी, टोकाला तांबूस-तपकिरी चपट्या कणसांचा फुलोरा. जमिनीखाली काळसर, सुवासिक गाठी आणि त्या तारेसारख्या मुळाने एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या. एक गाठ उपटली तरी माळ आत राहते, म्हणून शेतकरी मेटाकुटीला येतो. जगातल्या तणांवरच्या १९७७ सालच्या एका प्रसिद्ध ग्रंथाने याला जगातले सर्वांत वाईट तण म्हटले आहे. आपले कन्नड भाषक शेजारी त्याला तुंगे गड्डे म्हणतात, इंदूर-ग्वाल्हेरकडे तो नुसता मोथा. याच्याबद्दल एक सावधगिरी लक्षात ठेवा. हा ओलीत वाढतो आणि कोरड्यातही तगतो. उसात, बागेत, शाळेच्या मैदानावरही असतो. म्हणून एकट्या लव्हाळ्यावरून जागा पाणथळ आहे असे म्हणू नये.

बांधावरून वाफ्यात उतरलो की याची भावंडे भेटतात. सायपरस इरियाचा फुलोरा पिवळसर आणि मोकळा. सायपरस डिफॉर्मिसचा फुलोरा गच्च गोळ्यांचा. या दोघांना जमिनीखाली गाठी नाहीत. एका हंगामाचे आयुष्य, बी टाकायचे आणि संपायचे. तिसरी फिम्ब्रिस्टायलिस लिटोरालिस. तिची पाने तळाशी हातपंख्यासारखी चपटी मांडलेली आणि वर मोहरीएवढे तपकिरी गोळे. या तिघी एकत्र दिसल्या तर त्या जागी पावसाळ्याचे काही महिने चिखल किंवा टाचभर पाणी असते, असे खुशाल समजावे.

आता तळ्याचा काठ आणि उभे पाणी. इथे आपले आधीचे नियम मोडतात. इथल्या दोन वनस्पतींची दांडी गोल आहे, पोकळ आहे आणि पाने जवळजवळ नाहीतच. नुसत्या हिरव्या काड्या पाण्यातून वर आलेल्या. दोघींच्या दांडीत आडवे पडदे असतात. बोटाने दाबत वर गेले की ते एकेक करून जाणवतात, वाळल्यावर तर डोळ्यांनाही दिसतात. नवशिक्याची हमखास फसगत इथे होते. यातली एक शीनोप्लेक्टिएला आर्टिक्युलाटा आणि दुसरी इलिओकॅरिस डल्सिस. नावे अवघड आहेत, ओळख सोपी आहे. फुले कुठे आहेत ते पाहा. पहिलीत कणसांचा झुबका काडीच्या मधोमध किंवा त्याच्याही खाली, बाजूने फुटल्यासारखा दिसतो. खरे म्हणजे दांडी तिथेच संपलेली असते आणि वर गेलेले ते एक पान असते, पण हुबेहूब दांडीसारखे. दुसरीत काडीच्या अगदी टोकावर एकच कणीस, जाडीने काडीएवढेच. लांबून ते कळतही नाही.

या दुसरीचा एक नातेसंबंध सांगून ठेवतो. चिनी हॉटेलात वॉटर चेस्टनट म्हणून जे कुरकुरीत पांढरे काप मिळतात, ते हिच्याच लागवडीच्या जातीचे कंद. आपला शिंगाडा वेगळा. ते पाण्यावर तरंगणाऱ्या वेलीचे फळ आहे, कंद नव्हे. एका इंग्रजी नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती जमा झाल्या, त्यामुळे हा घोटाळा होतो.

जागाही दोघींची वेगळी. पहिली झुपक्याने वाढते आणि पावसात भरून पुढे आटणाऱ्या डबक्यांत, तळ्याच्या उतरत्या काठावर सहज भेटते. दुसरी चिखलात धावते देठ सोडून पसरते, गाठी धरते आणि उथळ उभ्या पाण्यात दाट हिरवा पट्टा करते. त्याच्या पुढे, कणसाला तपकिरी मखमल असलेले उंच पाणकणीस दिसेल. ते मात्र मोथ्याच्या कुळातले नव्हे, त्याचे कूळ वेगळे.

पन्नास पावलांत आपण पाण्याचे पंचांग वाचत आलो. बांधावर पाणी थांबत नाही, वाफ्यात काही महिने थांबते, काठावर आणखी काही काळ आणि मध्ये सर्वांत जास्त. मे महिन्यात हीच जागा भेगाळलेली दिसली तरी काठावर वाळलेल्या काड्या उभ्या असतात. त्या पाहून पाणी कुठवर चढते ते कळते.

जागेचे महत्त्व आमच्या औषधवाल्यांना नवे नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात भावमिश्राने मुस्तकाचे गुण सांगताना कोणता मुस्तक उत्तम हेही सांगितले आहे. आनूप देशातला, म्हणजे पाणथळ प्रदेशातला, आणि त्यातही नागरमुस्तक. म्हणजे औषधाच्या प्रतीत जागा धरलेली होती. आज आपण गांधी दुकानात जाऊन नागरमोथा मागतो तेव्हा पुडीत काय येते? आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशात मुस्ता म्हणजे सायपरस रोटुंडस, बांधावरचा लव्हाळा. अत्तर-उदबत्तीच्या व्यापारात नागरमोथ्याचे तेल म्हणतात ते प्रामुख्याने सायपरस स्कॅरिओसस या ओलसर जागी वाढणाऱ्या दुसऱ्या जातीचे. नाव एक, वनस्पती दोन. वाळलेल्या गाठी समोर ठेवल्या तर भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. मोथा हे आयुर्वेदाचे औषध आहे, मी ते देत नाही. त्याच्या गुणांवर बोलण्याचा अधिकार वैद्यांचा. पण पुडीवर वनस्पतीचे पूर्ण नाव आणि ती कुठे गोळा केली ते गाव, एवढे लिहायला काय हरकत आहे, असे मला नेहमी वाटते.

वनस्पती आणि डॉक्टर यांचे नाते आपल्या भागात जुने आहे. आपला जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या वनस्पतींवरचे 'बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक १८६१ साली डाल्झेल आणि गिब्सन यांनी लिहिले. त्यातले गिब्सन पेशाने शल्यचिकित्सक होते आणि पुढे इलाख्याचे वनसंरक्षक झाले. नंतर १९०१ ते १९०८ या काळात कुक यांचा मोठा ग्रंथ आला. कर्नाटकातल्या मोथाकुलावर प्रसाद आणि सिंग यांचे स्वतंत्र पुस्तक २००२ साली निघाले. म्हणजे अभ्यासकांनी आपले काम केले आहे. सामान्य माणसाच्या बोलण्यात मात्र ते उतरले नाही.

आपल्या बोलण्यात उतरला तो दुसराच शब्द. सात-बारा किंवा उतारा पाहणाऱ्यांना तो पाठ असेल: पोटखराब. पीक येत नाही, सारा बसत नाही, म्हणून जमीन खराब. महसुलाच्या हिशेबाला तो शब्द ठीक होता. पण कागदावर खराब लिहिलेला तुकडा मनातही खराब ठरतो. मग तिथे आधी बांधकामाचा राडारोडा पडतो, मग मुरूम आणि एके दिवशी चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट.

इथे मी माझ्या रुग्णांकडे येतो. आयुष्याची पुंजी घालून, कर्ज काढून, शहराच्या कडेला घर बांधलेली कुटुंबे माझ्याकडे येतात. पावसाळ्यात भिंतीला कंबरेएवढी ओल चढते. कपाटातल्या कपड्यांना बुरशी, मुलांना खोकला, आजीला दम. मी औषध देतो, पण भिंतीला औषध नाही. घर कुठे आहे असे विचारले की काही पत्ते मला ओळखीचे निघतात. वीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी भिंग घेऊन मी जिथे काठावर उभा राहत असे, तीच ही जागा. घर घेणाऱ्यांचा यात काही दोष नाही. मार्च-एप्रिलमध्ये जागा दाखवली जाते. तेव्हा ती ठणठणीत कोरडी असते. भराव टाकून तळे दिसेनासे होते, पण उतार तोच राहतो आणि पाणी उताराने येतच राहते. बळ्ळारी नाल्याचे पाणी जोराच्या पावसात शिवारात पसरते तेव्हा आपण नाल्याला बोल लावतो. पाण्याला थोपवून धरणारे खोलगट तुकडे वरच्या अंगाला किती उरले, हेही त्याच वेळी मोजायला हवे.

कायदा यात कितपत उपयोगी पडतो? २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातशेती, नदीचे पात्र आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव हे व्याख्येतूनच वगळले आहेत. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०११ साली देशाचा पाणथळ नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या जागा आकारासह काढल्या आहेत. त्याहून लहान जागा साडेपाच लाखांच्या वर आहेत आणि त्या फक्त ठिपके म्हणून आहेत. आपल्या गावाबाहेरचे तळे त्या ठिपक्यांपैकी एक असले तर नशीब.

तरीही निराश व्हायचे कारण नाही. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्याच गावांकडे पाहा. वडोदरा जिल्ह्यातला सयाजीरावांच्या काळातला वढवाणा तलाव २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. २०२२ साली इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंतसागर गेले, त्याच वर्षी गोव्यातला कुडचड्याचा नंदा तलावही गेला. यातले वढवाणा आणि यशवंतसागर तर सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले. म्हणजे बांधीव तलावाच्या काठीही जपण्याजोगे काही वाढते, हे मान्य झाले आहे. लहान तुकड्यांचे हे भाग्य नाही. त्यांच्यासाठी गावालाच काही करावे लागेल.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, प्लॉट घेणाऱ्यांना. व्यवहार करण्याआधी ऑक्टोबरात एकदा त्या जागी जा. दांडी बोटांत फिरवा. नुसता लव्हाळा असेल तर काळजी नाही. पण फिम्ब्रिस्टायलिसचे हातपंखे, मधोमध झुबका फुटलेल्या काड्या किंवा टोकाला कणीस असलेल्या काड्या दिसल्या, तर ती जागा पाण्याची आहे असे समजा आणि परत फिरा. भराव आधीच पडला असेल तर शेजारच्या न भरलेल्या तुकड्यात पाहा.

दुसरी विनंती या संस्थेला आणि आपल्या मराठी शाळांना. प्रत्येक गावाने आपल्या तळ्या-डबक्यांची एक वही ठेवावी. जागेचे नाव, ते मराठीत काय आणि कन्नडमध्ये काय, पाणी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणता मोथा, शेजारी कोण. दरवर्षी सप्टेंबरात आणि मे महिन्यात मुलांनी एक फेरी मारायची. खर्च एका भिंगाचा आणि दोनशे पानी वहीचा. आपण ग्रामदैवतांची नावे, शेतांची नावे, ओव्या, म्हणी जपून ठेवल्या. तळ्यांची नावे हाही भाषेचाच ऐवज आहे आणि तळे बुजले की ते नाव दहा वर्षांत कोणाच्या तोंडी राहत नाही. उद्या भरावाचा ट्रक आला तर त्या खराब म्हटलेल्या तुकड्याच्या बाजूने सादर करायला निदान एक कागद आपल्या हातात असेल. माझ्या स्वतःच्या वह्या मी संस्थेच्या ग्रंथालयाला देत आहे, त्यांतून सुरुवात करता येईल.